आधीं विचारावें, मग ठेवावें

शिक्षकानें आपली चूक विद्यार्थ्यांपुढें कबूल करावी कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद आहे. कबुलीमुळें वर्गावरील वचक जातो, असें कित्येकांस वाटतें. आमचा अनुभव अगदीं उलट आहे; म्हणून ह्या अंकांत आम्ही आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगणार आहों. हकीकत कॉम्प्युटरची आहे, आणि तिचें मूळ दिसावयास क्षुल्लक अशा एका प्रश्नांत आहे: दिलेल्या नांवाची जी वस्तु आहे, ती फाईल कीं फोल्डर? हा प्रश्न ज्यांस पोरकट वाटेल, त्यांनीं पुढील मजकूर अवश्य वाचावा. आम्हांसहि तो एके काळीं तसाच वाटत होता.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत होतों. तेथेंहि वार्षिक अंक निघत असे, व त्याचा मराठी विभाग आमच्याकडे असे. त्या वर्षीं नववीच्या मुलामुलींनीं आपले निबंध शाळेच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाईप केले. एकंदर ३७ निबंध आले. ते सर्व एका जागीं आणावे, म्हणून आम्हीं पायथन भाषेंत चार ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचा आशय इतकाच होता कीं, एकेक निबंध उचलावा आणि 'निवडक' येथें हलवावा. 'निवडक' नांवाचें फोल्डर आपण सकाळींच तयार केलें आहे, असें आम्ही धरून चाललों होतों. प्रोग्रॅम चालविला, पापणी लवते न लवते तोंच तो संपला. त्यानें कसलीहि तक्रार केली नाहीं. आम्ही समाधानानें खोलीस कुलूप लावून स्टेशनाकडे निघालों.

दुसऱ्या दिवशीं पाहतों तों 'निवडक' नांवाची एक वस्तु होती खरी. परंतु तें फोल्डर नव्हतें. ती एकच फाईल होती, आणि तिच्यांत एकच निबंध होता. बाकीचे ३६ निबंध कोठेंहि नव्हते.

त्या खोलीची देखरेख कोपरहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे होती. मुलगा हुशार, पण थोडा खोडकर; पूर्वीं एकदां तो त्याच कॉम्प्युटरवर खेळ खेळतांना सांपडला होता. एवढा पुरावा आम्हांस पुरेसा वाटला. आम्हीं त्याला सबंध वर्गासमोर उभें केलें, आणि जें बोलूं नये तें बोललों. तो मान खालीं घालून उभा राहिला. "मी नाही केलं, सर," एवढेंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत तो आमच्याकडे आला. त्याच्या हातीं वहीचें एक पान होतें, व त्यावर आमच्याच चार ओळी उतरून घेतलेल्या होत्या. तो अदबीनें म्हणाला, "सर, रागावू नका. पण 'निवडक' हे फोल्डर आहे की नाही, हे ह्यात कुठं विचारलंय?"

कोठेंच विचारलें नव्हतें. आणि तें फोल्डर आम्हीं तयार केलेलेंहि नव्हतें. तयार करावयाचें मनांत होतें, इतकेंच.

मग काय झालें, तें त्या मुलानें आम्हांस समजावून दिलें. वाचकांसहि तें समजून घेण्यासारखें आहे. पायथनमध्यें 'शटिल.मूव्ह' नांवाची एक आज्ञा आहे. तिला दोन नांवें द्यावयाचीं असतात: काय हलवावयाचें, आणि कोठें हलवावयाचें. दुसरें नांव जर अस्तित्वांत असलेल्या फोल्डरचें असेल, तर ती वस्तु त्या फोल्डरच्या आंत जाते. परंतु त्या नांवाचें कांहींच नसेल, तर हलवावयाच्या वस्तूलाच तें नवें नांव मिळतें. 'निवडकमध्यें ठेव' आणि 'निवडक असें नांव ठेव' ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच आज्ञेच्या पोटांत आहेत. कोणती घडावयाची, हें समोर काय आहे त्यावर ठरतें. आमच्या प्रोग्रॅमनें पहिल्या निबंधाचें नांव 'निवडक' असें ठेविलें. दुसरा निबंध आला. 'निवडक' ही आतां फाईल होती, म्हणून तो तिच्या जागीं बसला, आणि पहिला पुसला गेला. तिसऱ्यानें दुसऱ्याला पुसलें, चौथ्यानें तिसऱ्याला. अशा रीतीनें शेवटला तेवढा उरला. कॉम्प्युटरनें सांगितल्यापेक्षां एक अक्षरहि अधिक किंवा उणें केलें नाहीं.

आम्हीं त्याच वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. ३६ पैकीं ३१ निबंधांच्या प्रती वह्यांत सांपडल्या, व मुलांनीं ते कुरकुर न करतां पुन्हां टाईप केले. राहिलेले ५ गेले ते गेलेच. त्यांतला एक आपल्या आजीवर होता. लिहिणाऱ्या मुलीनें तो कच्चा न लिहितां एकदम कॉम्प्युटरवरच उतरविला होता. आम्हीं तिला तो पुन्हां लिहावयास सांगितलें. तिनें लिहिला, आणि हातीं देतांना म्हणाली, "सर, पहिल्यासारखा नाही झाला." ह्या वाक्यावर देण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

ह्या अनुभवावरून आमचें मत असें झालें आहे कीं, कॉम्प्युटरची भाषा शिकविणाऱ्यानें मोठमोठ्या करामतींच्या आधीं हा लहानसा प्रश्न विचारण्याची संवय लावावी. पायथनमध्यें त्यासाठीं 'ओएस.पाथ.इजडिर' अशी सोय आहे, आणि २०१४ सालीं निघालेल्या ३.४ ह्या आवृत्तीपासून 'पाथलिब' मधील 'इज-डिर' हीहि आहे. जावा भाषेंत 'इज-डिरेक्टरी' आहे. बॅश लिहिणारे लोक चौकटी कंसांत '-डी' लिहून हेंच विचारतात. शब्द निराळे, प्रश्न एकच. परंतु नुसती ओळ पाठ करून भागत नाहीं. प्रश्न कोणाला विचारला जातो आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय, हें उमजलें पाहिजे.

प्रश्न नांवाला विचारला जात नाहीं, हें पहिलें ध्यानांत धरावें. नांवावरून वस्तु ओळखूं येत नाहीं, ह्याचा दाखला आपल्या भागांत शोधावयास दूर जाणें नको. 'कोपर' म्हटलें म्हणजे हाताचें कोपर, कोपर गांव, कीं कोपर स्टेशन? स्टेशन म्हटलें, तरी कोणत्या फलाटावर उभें राहावयाचें? कल्याणकडे जाणारी लोकल खालीं थांबते. दिवा-वसई मार्गाची गाडी वरून जाते. नुसत्या नांवाच्या भरंवशावर जो धांवत सुटेल, त्याची गाडी त्याच्या डोक्यावरून किंवा पायांखालून निघून जाईल. फाईलच्या नांवाचेंहि असेंच आहे. नांवाच्या शेवटीं 'टीएक्सटी' हीं अक्षरें असलीं म्हणजे ती लेखी मजकुराची फाईल, असें आपण समजतों. परंतु एखाद्या फोल्डरलाहि तसलें नांव देतां येतें, आणि ज्या नांवाला असलें शेपूट नाहीं ती वस्तु फाईल असूं शकते.

जमिनीच्या सातबाऱ्याशीं ज्या पालकांचा संबंध आला आहे, त्यांस ही गोष्ट लवकर पटेल. सर्व्हे नंबर ४५ मधील दुसरा हिस्सा '४५/२' असा लिहितात. मधली ती तिरपी रेघ म्हणजे 'ह्याच्या पोटांतील'. कॉम्प्युटरवर फाईलचा पत्ता लिहितांनाहि युनिक्स घराण्यांत हीच तिरपी रेघ ह्याच अर्थानें येते: 'शाळा/अंक/निबंध'. आतां नुसतें '४५' म्हटलें, तर ती सलग एक जमीन आहे कीं तिचे हिस्से पडले आहेत, हें आंकडा पाहून सांगतां येईल काय? मुळींच नाहीं. त्यासाठीं दप्तर उघडून नोंद पाहावी लागते. जो नोंद न पाहतां सबंध ४५ विकत घेतल्याच्या आनंदांत राहील, त्याला पुढें कोर्टाची पायरी चढावी लागली तर दोष आंकड्याचा नव्हे.

कॉम्प्युटरचें दप्तरहि असेंच आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स ह्या प्रणालीचा पाया घातला. तिच्यांत फोल्डर हीहि एक प्रकारची फाईलच मानली आहे. भेद एवढाच कीं, तिच्यांत मजकूर नसून, नांवें आणि त्या त्या नांवापुढें नोंदीचा क्रमांक असतो. ह्या नोंदीस आयनोड म्हणतात. वस्तूचा मालक कोण, आकार केवढा, वाचण्या-लिहिण्याचा अधिकार कोणास, आणि वस्तु कोणत्या प्रकारची, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. गंमत अशी कीं, वस्तूचें नांव मात्र त्या नोंदींत नसतें. नांव एकीकडे व प्रकार दुसरीकडे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून नांवावरून प्रकार ताडणें हें मुळांतच चुकीचें आहे. 'स्टॅट' नांवाची विनंती केली म्हणजे प्रणाली ही नोंद वाचून दाखविते, आणि 'इजडिर' ती पाहून 'होय' किंवा 'नाहीं' असें सांगतें. लिनक्सनें हीच रीत उचलली, आणि लिनक्सच्या गाभ्यावर अँड्रॉइड उभें असल्यामुळें आपल्या खिशांतील बहुतेक फोनांत ती चालू आहे. विंडोजमध्यें नोंदीची ठेवण निराळी असली तरी फोल्डरची खूण तींतहि असतेच.

आतां उत्तराच्या अर्थाकडे वळूं. 'होय' हें उत्तर बरेंचसें सरळ आहे. घोटाळा 'नाहीं' ह्या उत्तरांत आहे. 'इजडिर' नें 'नाहीं' म्हटलें म्हणजे ती वस्तु फाईल असलीच पाहिजे, असें नवशिके समजतात. तसें नाहीं. त्या नांवाचें कांहीं अस्तित्वांतच नसेल, तरीहि उत्तर 'नाहीं'. वस्तु आहे पण ती फाईल आहे, तरीहि 'नाहीं'. वाटेंतल्या एखाद्या फोल्डरांत डोकावण्याचा आपणांस अधिकार नसेल, तरीहि 'नाहीं'. दुसरीकडे बोट दाखविणारा दुवा असून ज्याकडे बोट आहे तेंच नाहींसें झालें असेल, तरीहि 'नाहीं'. बंद दारावर थाप मारली आणि ओ आली नाहीं, एवढ्यावरून घर रिकामें आहे असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं. म्हणून ज्याला फाईलच हवी आहे, त्यानें 'ही फाईल आहे काय' असा निराळा प्रश्न विचारावा, आणि वस्तु मुळांत आहे काय हें जाणावयाचें असेल, त्यानें तोहि प्रश्न स्वतंत्रपणें करावा.

'होय' ह्या उत्तरालाहि एक पदर आहे. दुवा जर खऱ्या फोल्डरकडे नेत असेल, तर 'इजडिर' त्या दुव्यामागें जाऊन 'होय' म्हणतें. ठेवावयाचें असेल तेथें हें ठीक. परंतु आंतील सर्व पुसून टाकावयाचें असेल, तर आपण आपलें घर झाडतों आहों कीं शेजाऱ्याचें, ह्याचा विचार हात चालविण्यापूर्वीं झाला पाहिजे.

ह्यावर कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल कीं, विचारणें आणि करणें ह्यांच्यामध्यें क्षणभर तरी वेळ जातोच. तेवढ्यांत दुसऱ्या कोणीं तें फोल्डर काढून टाकलें तर? आक्षेप रास्त आहे. ज्या कॉम्प्युटरवर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळीं कामें करीत असतात, तेथें ही भीति खरी असते. अशा ठिकाणीं विचारून थांबण्यापेक्षां, विचारणें आणि करणें हीं ज्या आज्ञेंत एकत्र आहेत ती वापरावी, आणि ती अयशस्वी झाली तर काय करावयाचें तेंहि लिहून ठेवावें. पायथनमधील 'मेकडर्स' ही आज्ञा अशी आहे. तिला 'आधींच असल्यास हरकत नाहीं' असें बजावून ठेवलें, म्हणजे फोल्डर नसेल तर ती करते, असेल तर राहूं देते. आणि त्या नांवाची फाईल वाटेंत आडवी आली, तर तेथल्या तेथें थांबून ओरडते. ती एक ओळ आमच्या चार ओळींच्या डोक्यावर असती, तर तें सकाळचें विसरलेलें फोल्डर तेव्हांच तयार झालें असतें, आणि आजीवरचा तो निबंध आज छापील स्वरूपांत कोणाच्या तरी घरीं असता.

जुन्या जाणत्यांनीं ही काळजी फार पूर्वीं घेतलेली आहे. युनिक्सच्या 'एमव्ही' ह्या आज्ञेला अनेक फाईली एकदम दिल्या, आणि शेवटचें नांव फोल्डरचें नसलें, तर ती एकाहि फाईलला हात न लावतां नकार देते. पुष्कळ वस्तु एका जागीं ठेवावयाच्या असतील, तर ती जागा भांडेंच असलें पाहिजे, हें तिला ठाऊक आहे. परंतु तेंच काम एकेक करून सांगितलें, तर प्रत्येक वेळीं ती समजते कीं नांव बदलावयाचें आहे. सुरक्षित आज्ञा हातीं असूनहि आम्हीं तिचे तुकडे केले, आणि तुकड्यांबरोबर सुरक्षितपणाहि गमावला.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, चार ओळींच्या प्रोग्रॅमाला इतकी चौकशी कशाला? उत्तर असें आहे कीं, ओळी किती हें महत्त्वाचें नसून त्या ओळी काय पुसूं शकतात हें महत्त्वाचें आहे. जो प्रोग्रॅम नुसता वाचतो, त्याला थोडी मोकळीक द्यावी. जो हलवितो, बदलतो, पुसतो, त्याला एकाहि बाबतींत गृहीत धरूं देऊं नये. दुसरा आक्षेप हल्लींचा आहे. आतां प्रोग्रॅम लिहावयास यंत्रेंच आलीं आहेत. मागितला कीं मिळतो. मग मुलांनीं हें शिकावें कशासाठीं? आम्ही त्या यंत्रांचे वैरी नाहीं. परंतु यंत्रानें दिलेला प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो, आणि गेलेले निबंध तुमचे असतात. लिहिणारा कोणीहि असो, वाचणारा तुम्हीच असलें पाहिजे. निदान एवढें तरी पाहावें कीं, जेथें कांहीं ठेविलें किंवा पुसलें जातें, त्या ओळीच्या आधीं कोणता प्रश्न विचारलेला आहे. प्रश्नच नसेल, तर तो प्रोग्रॅम चालविण्याची घाई करूं नये. एक प्रत दुसरीकडे ठेवून मगच त्याला हात लावावा.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. आज घराघरांतून दाखले, पावत्या, लग्नाचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो हे सर्व फाईलींच्या रूपानें सांठविलेले आहेत, आणि पुष्कळदां ते आवरण्याचें काम घरांतील शाळकरी मुलाकडे असतें. त्याला तें काम अवश्य द्यावें. पण आधीं दुसरी प्रत करून मग द्यावें. आणि कांहीं हरवलें, तर पहिल्या झटक्यास त्याच्यावर हात किंवा आवाज उगारूं नये. काय झालें, कोणत्या क्रमानें झालें, हें त्याच्याजवळ बसून विचारावें. कित्येकदां वस्तु गेलेली नसतेच. भलत्या जागीं जाऊन बसलेली असते.

हें आम्ही उपदेशाच्या हौसेनें लिहीत नाहीं. त्या वर्षीं आमची चूक एक नव्हती, दोन होत्या. 'निवडक' हें फोल्डर आहे, असें आम्हीं न विचारतां धरलें. आणि तो मुलगा दोषी आहे, हेंहि आम्हीं तसेंच न विचारतां धरलें. पहिल्या चुकीनें ५ निबंध गेले. दुसऱ्या चुकीनें काय गेलें असतें, तें सांगवत नाहीं. तो मुलगाच मोठ्या मनाचा, म्हणून वहीचें पान घेऊन पुन्हां आमच्या दारीं आला. एखादा दुसरा असता, तर कॉम्प्युटरच्या खोलीकडे त्यानें पुन्हां ढुंकूनहि पाहिलें नसतें.

आतां आम्ही ज्या वर्गास शिकवितों, त्या वर्गांत कांहीं हलविण्यापूर्वीं किंवा पुसण्यापूर्वीं तीन प्रश्न मोठ्यानें विचारण्याचा रिवाज आम्हीं ठेविला आहे: तेथें कांहीं आहे काय? जें आहे, तें फोल्डरच आहे काय? दुसरी प्रत कोठें आहे? मुलें कधीं कधीं हंसतात, आणि एखादें धीट मूल आमचीच नक्कल करून दाखवितें. हंसूं देत. प्रश्न विचारले जातात, तोंवर आमची तक्रार नाहीं.